मृत्युशय्येजवळचा कैवारी : ख्रिस्ती सांत्वनकल्पनेचा एक मागोवा

योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना एका साहाय्यकाचे वचन देतो. मूळ ग्रीक संहितेत ह्या साहाय्यकास ‘पाराक्लेतोस’ म्हटले आहे. ‘जवळ बोलावलेला’ हा त्या शब्दाचा धात्वर्थ असून न्यायासनापुढे आरोपीच्या बाजूने उभा राहणारा, ही त्याची एक प्रमुख अर्थच्छटा होय. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी शुभवर्तमानात ह्या शब्दासाठी ‘सांत्वन करणारा’ अशा अर्थाचा शब्द योजिला. योहानाच्याच पहिल्या पत्रात मात्र तोच ग्रीक शब्द आला असता त्यांनी ‘वकील’ ह्या अर्थाचा निराळा शब्द वापरला. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, आणि तो ‘कैवारी’ हा आहे. मराठीत कैवार घेतला जातो तो दुबळ्याचा. ज्याला स्वतःची बाजू स्वतः मांडता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने उभे राहणे म्हणजे कैवार.

मरणाच्या दारी टेकलेल्या मनुष्यास ख्रिस्ती श्रद्धा दिलासा देते, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु हा दिलासा येतो कोठून? तो त्या मनुष्याच्या स्वतःच्या श्रद्धेच्या बळातून येत असेल, तर तापाने, वेदनेने किंवा ग्लानीने ज्याचे बळच नाहीसे झाले आहे, ज्याला प्रार्थनेचे शब्द आठवत नाहीत, किंवा ज्याला नेमक्या त्याच वेळी सारे काही खोटे वाटू लागले आहे, त्याची वाट काय? प्रश्न केवळ पंडिती नाही. आसन्नमरण माणसाजवळ रात्र काढलेल्या कोणालाही तो केव्हा तरी पडलेला असतोच. ह्या विषयावरील ख्रिस्ती वाङ्मय चाळता असे दिसते की, त्यातील उत्तम ग्रंथकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. किंबहुना मरतेवेळी श्रद्धा डळमळणारच, असे गृहीत धरूनच त्यांनी आपली रचना केली आहे, आणि सांत्वनाचा आधार मरणाऱ्याच्या मनाबाहेर नेऊन ठेवला आहे. प्रस्तुत लेखात ह्या एका धाग्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. इंग्रजी ‘कम्फर्ट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ ‘बळकट करणे’ असा आहे. जर्मन ‘ट्रोस्ट’ ह्या शब्दाचे नातेही भरवसा व दृढता सांगणाऱ्या शब्दांशी आहे. म्हणजे मऊ गादीची आणि गोड बोलांची जी कल्पना ह्या शब्दांना आज चिकटली आहे, ती उत्तरकालीन होय. आपला ‘धीर देणे’ हा साधा प्रयोग ह्या मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. ‘दिलासा’ फारसीतून आला आणि त्यात हृदयाला मिळणारा आराम आहे. ‘आश्वासन’ ह्या संस्कृत शब्दात तर श्वास आहे: ज्याची छाती दडपली आहे त्याला मोकळा श्वास घेऊ देणे. सभेतल्या व्यासपीठांवरून ह्या शब्दाची जी झीज झाली आहे, तिचे दुःख केल्यावाचून राहवत नाही.

आता मृत्युशय्येजवळ सर्वांत अधिक वेळा म्हटल्या गेलेल्या प्रार्थनेकडे वळू. ती म्हणजे स्तोत्रसंहितेतील तेविसावे स्तोत्र. परमेश्वर मेंढपाळ आहे, ह्या रूपकाने त्याचा आरंभ होतो. ह्या स्तोत्राची एक व्याकरणविषयक लकब लक्ष देण्याजोगी आहे. पहिल्या तीन वचनांत परमेश्वराचा उल्लेख ‘तो’ असा तृतीय पुरुषी आहे: तो चारतो, तो नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि त्याच क्षणी ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. हिरव्या कुरणात असताना देवाविषयी बोलणारा कवी अंधाऱ्या दरीत देवाशी बोलू लागतो. ‘मृत्युच्छाया’ हे मूळ हिब्रू शब्दाचे भाषांतर सर्वच तज्ज्ञांना मान्य नाही. ‘गडद अंधार’ एवढाच त्याचा अर्थ असावा, असे काहींचे मत आहे. अर्थ कोणताही घेतला तरी दरी टळेल असे ह्या स्तोत्रात कोठेही म्हटलेले नाही. सोबत असेल, एवढेच म्हटले आहे.

येशूच्या मरणाच्या वृत्तान्तातही असाच एक तपशील आहे. मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी येणारी त्यागाची आरोळी ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. लूकने दिलेले समर्पणाचे शब्द एकतिसाव्या स्तोत्रातील आहेत. दोन लेखकांनी दोन निरनिराळे उद्गार नोंदवले, आणि त्या दोहोंतील सूरही परस्परांपासून फार दूर आहेत. तथापि दोन्ही उद्गार उसने आहेत. आपल्या पूर्वजांच्या प्रार्थनापुस्तकातील शब्द घेऊन तो मरतो. पुढील काळात ख्रिस्ती माणसांनी मरणाऱ्याच्या कानाशी स्तोत्रे म्हणण्याची जी प्रथा पाळली, तिच्यामागे हेच आहे: स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा दुसऱ्याचे शब्द चालतात.

ह्या प्रथेला ग्रंथरूप मिळाले ते पंधराव्या शतकात, आणि त्याचे कारण अत्यंत ऐहिक होते. इ. स. १३४७ ते १३५१ ह्या काळात प्लेगच्या महामारीने युरोपाचा फार मोठा भाग ओसाड केला. आजाऱ्यांकडे जाणारे धर्मगुरूही मोठ्या संख्येने मेले. इंग्लंडमधील बाथ व वेल्स येथील बिशप राल्फ ह्यांनी जानेवारी १३४९ मध्ये आपल्या लोकांस कळविले की, धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने आपला पापांगीकार साध्या माणसापाशी करावा; पुरुष जवळ नसेल तर स्त्रीपाशीही चालेल. तत्कालीन धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने ही केवढी मोठी सवलत होती, हे वेगळे सांगावयास नको. परंतु शेजारणीने किंवा भावाने मरणाऱ्यापाशी बसावयाचे म्हणजे करावयाचे काय? पॅरिस विद्यापीठाचे कुलगुरू जाँ जेरसाँ (१३६३–१४२९) ह्यांनी ह्या विषयावर एक छोटे प्रकरण लिहिले. त्याचा आधार घेऊन इ. स. १४१५ च्या सुमारास, कॉन्स्टन्सची धर्मपरिषद चालू असता, एका अनामिक लेखकाने लॅटिनमध्ये ‘आर्स मोरिएन्डी’, म्हणजे मरणाची कला, ह्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ रचिला. सुमारे १४५० मध्ये त्याची संक्षिप्त सचित्र आवृत्ती लाकडी ठशांवरून छापली गेली, आणि विल्यम कॅक्स्टन ह्याने १४९० मध्ये इंग्रजी सारांश प्रसिद्ध केला.

ह्या सचित्र आवृत्तीत अकरा चित्रे आहेत. प्रत्येक चित्रात एकच खाट, तिच्यावर एकच कृश मनुष्य, आणि भोवती गर्दी. पाच चित्रांत पाच मोह येतात व प्रत्येकाच्या पुढील चित्रात त्याला देवदूताकडून उत्तर मिळते. पहिला मोह अश्रद्धेचा. येथे हे ध्यानात घ्यावे की, पोटाची भूक किंवा देहाची वासना ह्या यादीत नाहीच. मरणाऱ्याला सर्वांत आधी गाठते ती ‘हे सारे खरे आहे काय?’ ही शंका, असे ग्रंथकार मानतो. दुसरा मोह निराशेचा: सैतानी आकृती त्याच्या पापांची यादी त्याच्या डोळ्यांपुढे नाचवितात. उत्तरादाखल पुढील चित्रात खाटेपाशी उभे राहतात ते मोठे निष्पाप संत नव्हेत. तीन वेळा गुरूला नाकारणारा पेत्र आपल्या कोंबड्यासह तेथे आहे, मग्दालिया आहे, क्रुसावरचा चोर आहे, घोड्यावरून पडलेला, ख्रिस्तीजनांचा छळ करणारा शौल आहे. यादीला उत्तर म्हणून दुसरी यादीच येते, आणि तीही पाप्यांची! तिसऱ्या मोहाच्या चित्रात रोगी त्रासून सेवा करणाऱ्याला लाथ मारतो आणि मेज उलथून पडते. चवथा मोह आपल्या चांगुलपणाच्या गर्वाचा, पाचवा घरदार व पैसाअडका सोडवत नाही ह्याचा. त्यात मद्याची पिंपे आणि घोडाही दाखविला आहे. अखेरच्या चित्रात मरणाऱ्याच्या हाती कोणीतरी मेणबत्ती धरविली आहे, आणि त्याचा आत्मा लहान मुलाच्या रूपाने देवदूतांनी उचलून घेतला आहे.

चित्रांइतकेच महत्त्वाचे आहेत ग्रंथातील प्रश्न. जवळ बसलेल्याने ते मरणाऱ्यास विचारावयाचे असतात: ख्रिस्ताच्या श्रद्धेत मरण येते ह्याचा आनंद वाटतो काय, जसे जगावयास हवे होते तसे जगलो नाही हे मान्य आहे काय, इत्यादी. मध्ययुगात ह्या प्रश्नांचे कर्तृत्व संत अँसेल्मकडे दिले जाई. उत्तर बहुधा ‘होय’ एवढेच. सगळे वाक्य विचारणारा बोलतो. मरणाऱ्याने फक्त होकार भरावयाचा, आणि वाचा गेली असेल तर खुणेने. माझ्या मते ह्या ग्रंथाचे सारे शहाणपण ह्या योजनेत आहे. श्रद्धेचे वाक्य उच्चारण्याचा भार निरोग्याने उचलावयाचा आणि रोग्याकडे केवळ मान हलविण्याचे काम ठेवावयाचे.

मराठी वाचकाला येथे गीतेचा आठवा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. अंतकाळी ज्याचे स्मरण तीच गती, हा तेथील सिद्धान्त. आणि भागवतातील अजामिळाने तर मुलाला हाक मारली व ती नारायणाला पोहोचली. शेवटच्या क्षणाला दिलेले महत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे, आणि ह्या महत्त्वाचा धोकाही सारखाच. सारा जन्म एका घटकेवर तोलला जातो, अशी समजूत झाली की ती घटका भयंकर होते. ‘आर्स मोरिएन्डी’ने हे भय वाढविले, हे नाकारता येत नाही. मरणाऱ्याला बायकामुलांची आठवण करून देऊ नये, ती संसाराची ओढ आहे, हा त्याचा उपदेशही आज कठोर वाटतो. ज्यांना निरोप द्यावयाचा त्यांनाच दूर सारणे हे कसले सांत्वन? ह्या दोषांवर पुढे उपाय शोधले गेले. इरॅस्मसने १५३४ मध्ये आपल्या पुस्तकात भर दिला तो जन्मभराच्या तयारीवर. कार्डिनल बेलार्मिन ह्यांच्या १६२० च्या ग्रंथाचा पहिलाच नियम असा की, ज्याला चांगले मरावयाचे आहे त्याने चांगले जगावे. (बेलार्मिन ज्या येशूसंघाचे, त्याच संघाच्या फादर स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्यापूर्वी चारच वर्षे गोव्यात रायतूर येथे छापले गेले होते आणि ख्रिस्ताच्या मरणाची कथा मराठी ओवीत आली होती.)

परंतु सर्वांत मूलगामी उत्तर आले ते मार्टिन ल्यूथरकडून. इ. स. १५१९ मध्ये सॅक्सनीच्या दरबारातील एका सल्लागाराला मरणाच्या विचाराने ग्रासले होते. त्याच्यासाठी ल्यूथरने मरणाच्या तयारीवर जर्मन भाषेत एक छोटेसे प्रवचन लिहिले. त्याचा आरंभ अगदी व्यावहारिक आहे: आधी मालमत्तेची नीट व्यवस्था लावावी म्हणजे मागे भांडणे होणार नाहीत, मग सर्वांना क्षमा करावी व सर्वांची क्षमा मागावी. नंतर तो मरणाला बाळंतपणाची उपमा देतो. मूल आईच्या उदरातील लहानशा घरातून अरुंद वाटेने, त्रासात व भयात, ह्या विस्तीर्ण जगात येते. मरणाची वाटही तशीच अरुंद आणि पलीकडील जागा तशीच मोठी. ही उपमा देताना वाट अरुंद नाही असे तो म्हणत नाही, हे विशेष.

पुढे तो एक मार्मिक गोष्ट सांगतो. निरोगी असताना माणसाने मरणाचा विचार करावा, तेव्हा तो दूर असतो व उपकारक असतो. प्रत्यक्ष मरणाच्या वेळी मात्र मरणाकडे टक लावून पाहू नये. आपण नेमके उलटे करतो, अशी त्याची तक्रार आहे. मरण, पाप आणि नरक ही तीन चित्रे त्या वेळी आपोआप मोठी होत जातात. त्यांच्याशी वाद घालावयास बसले की माणूस हरतो. त्यांना स्वतःच्या ठिकाणी पाहू नये. ती ख्रिस्ताच्या ठिकाणी, म्हणजे आधीच सोसलेली व जिंकलेली अशी पाहावी. आपली श्रद्धा पुरेशी बळकट आहे की नाही हे तपासण्याचा उद्योग ल्यूथरला व्यर्थ वाटतो. म्हणून तो रोग्याला मिळालेल्या संस्कारांकडे बोट दाखवितो: त्या बाहेर घडलेल्या खुणा आहेत, मनाच्या चढउताराने त्या पुसल्या जात नाहीत. आणि अखेरीस तो म्हणतो की, कोणीही ख्रिस्ती मनुष्य एकटा मरत नाही. देवाचे, ख्रिस्ताचे, देवदूतांचे, संतांचे आणि सर्व ख्रिस्तीजनांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. ‘आर्स मोरिएन्डी’च्या चित्रांतील खाटेभोवतालची गर्दी येथे पुन्हा येते. मात्र तिच्यातील भुतावळ बाजूला सारली गेली आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीने हाच विचार पहिल्या प्रश्नात घातला. जीवनात व मरणात तुझा एकमेव आधार कोणता, असे ती विचारते, आणि मी माझा स्वतःचा नसून ख्रिस्ताचा आहे, ह्या आशयाचे उत्तर देते.

सिद्धान्त इतका स्पष्ट असला तरी सर्वांना त्याने शांती दिली असे नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) ह्यांच्याइतका निष्ठावंत ख्रिस्ती विद्वान अठराव्या शतकात विरळा. आणि मरणाची त्यांना वाटणारी धास्ती बॉझवेलच्या चरित्रामुळे जगजाहीर झाली आहे. आपण बरे होणार काय, असे त्यांनी वैद्याला सरळ विचारले. चमत्काराखेरीज नाही, हे उत्तर मिळताच वेदनाशामक अफूही नाकारली, कारण आत्मा देवापुढे न्यावयाचा तो धुंदी नसलेला असावा, अशी त्यांची इच्छा होती. भीती शेवटपर्यंत बाळगून श्रद्धा न सोडणे, हाही एक प्रकार आहे.

याहून बिकट उदाहरण लिझ्यू येथील संत तेरेझाचे. १८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री ह्या तरुण जोगिणीच्या तोंडून रक्त पडले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने तिचा अंत झाला, तेव्हा तिचे वय अवघे २४ वर्षांचे होते. मधल्या दीड वर्षात स्वर्ग आहे ही भावनाच तिच्या मनातून गेली. आपण अश्रद्धांच्या पंगतीला बसून त्यांचेच अन्न खात आहोत, असे तिने लिहिले. जे आनंदाचे गाणे मी गाते, ते मला जे मानावयाचे आहे त्याचे गाणे आहे, असेही तिने कबूल केले. ख्रिस्ती विश्वासाचा अंगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून सदैव छातीशी बाळगला. विषारी औषधे रोग्याच्या हाताशी ठेवू नका, असा इशारा तिने शुश्रूषा करणाऱ्यांना दिल्याचे नमूद आहे. १८९८ मध्ये तिचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले ते तिच्या थोरल्या बहिणीने पुष्कळ फेरफार करून, सौम्य करून. मूळ हस्तलिखितांची हुबेहूब प्रत वाचकांपुढे येण्यास १९५६ साल उजाडावे लागले. भक्तांना गुळगुळीत मरण हवे असते. मूळ संहितेतील तेरेझा मरणाऱ्यांच्या अधिक उपयोगाची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण जिची शंका गेली नाही आणि तरी जिने हात सोडला नाही, अशी सोबतीण निराशेच्या खाटेपाशी उभी राहू शकते, जसा पेत्र आपल्या कोंबड्यासह उभा राहतो.

विसाव्या शतकात मरण रुग्णालयात गेले आणि खाटेभोवतालची गर्दी हटविली गेली. तिला पुन्हा आत आणण्याचे श्रेय पुष्कळ अंशी सिसिली साँडर्स (१९१८–२००५) ह्या इंग्रज विदुषीचे. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर असा त्यांचा प्रवास. श्रद्धेने त्या ख्रिस्ती. १९४८ मध्ये वॉर्सॉहून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा एक ज्यू तरुण लंडनच्या रुग्णालयात कर्करोगाने मरत होता. दोघांनी मिळून मरणाऱ्यांसाठी एका निराळ्या घराची कल्पना रंगविली, आणि ह्या घरातली एक खिडकी माझी असेल, असे सांगून त्याने आपले ५०० पौंड त्यांच्या स्वाधीन केले. पुढे हॅकनी येथील जोगिणींच्या शुश्रूषागृहात, वेदना पुन्हा उसळण्याची वाट न पाहता ठराविक वेळाने मॉर्फिन देण्याची पद्धत साँडर्स ह्यांनी अवलंबिली. वेदना ही शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आत्मिक अशी एकसंध असते, हा त्यांचा सिद्धान्त. जॉन्सननी जे नाकारले ते येथे प्रार्थनेचेच साहाय्यक ठरले. दुखण्याने कोंडलेल्या माणसाला कोणतीच स्तोत्रे ऐकू येत नाहीत.

१९६५ मध्ये आपल्या कार्याचे मर्म सांगताना साँडर्स ह्यांनी आधार घेतला तो गेथशेमाने बागेतील येशूच्या विनंतीचा. ही विनंती स्पष्टीकरणाची नव्हती, सुटकेचीही नव्हती. माझ्याबरोबर जागे राहा, एवढीच ती होती. शिष्य झोपी गेले, हे कथेत पुढे येतेच. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, लंडनच्या सिडनम भागात सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. प्रवाशांना नदीपार नेणाऱ्या संताचे नाव त्याला दिले गेले, आणि कोणत्याही धर्माच्या वा कोणताही धर्म न मानणाऱ्या रोग्यास ते खुले ठेवण्यात आले. भारतात अशा स्वरूपाची पहिली संस्था, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा ह्यांनी सुरू केली. साँडर्स ह्यांनी आपले शेवटचे दिवस सेंट क्रिस्टोफर्समध्येच, तेथील एक रोगी म्हणून काढले. टास्माच्या स्मरणार्थ ठेवलेली खिडकी त्या इमारतीत आहे.